ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवही

खुबा, गुडघा इत्यादींच्या कृत्रिम सांध्यांचे यशापयश देशपातळीवर नोंदवणारी व्यवस्था. स्वीडनने गुडघ्यासाठी १९७५ मध्ये व खुब्यासाठी १९७९ मध्ये अशी नोंदणी सुरू केली होती. ऑस्ट्रेलियातील अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने १९९९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियापासून आरंभ केला; २००२ मध्ये ती देशव्यापी झाली.

रुग्णाचे वय, लिंग, निदान, डावी-उजवी बाजू आणि सांध्याच्या खोक्यावरील लेबलातला उत्पादन व बॅच क्रमांक शस्त्रक्रियेच्या वेळीच टिपला जातो. पुढे देशातील कोणत्याही रुग्णालयात तो सांधा बदलावा लागला, तर ती फेरशस्त्रक्रिया मूळ नोंदीला जोडतात. मृत्यूंच्या नोंदींशीही मेळ घालतात. त्यामुळे किती वर्षांत किती टक्के सांधे बदलावे लागले, हे कळते.

एकट्या शल्यविशारदाच्या नजरेतून निसटणारा दोष अशा एकत्रित नोंदींतून उघड होतो. धातूवर धातू घासणाऱ्या ‘एएसआर’ या खुब्याच्या सांध्यात फेरशस्त्रक्रियांचे प्रमाण जास्त असल्याचे या नोंदवहीने दाखवले. तो सांधा डिसेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातून व ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेण्यात आला. मात्र न बदललेला सांधाही दुखत असू शकतो. म्हणून वेदना व हालचालींविषयी रुग्णाचे स्वतःचे म्हणणे नोंदवणेही तितकेच महत्त्वाचे आहे.