आठ मुलांची शाळा आणि मापाची पट्टी

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत 'इंटरनॅशनल स्कूल' अशा पाट्या महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या. त्यांच्या माहितीपुस्तिकांत पोहण्याचा तलाव आणि स्मार्ट क्लास यांच्या जोडीला आता 'वेलबीइंग', 'लर्निंग सपोर्ट', 'काउन्सेलर' हे शब्दही हमखास असतात. वाचणाऱ्या पालकाला वाटते, हे सगळे काल-परवा कुठून तरी आयात झाले असावे. प्रत्यक्षात या शब्दांचा माग काढत गेलो की आपण १९२४ सालच्या जिनिव्हात पोचतो. तिथून आणखी मागे गेलो की पॅरिस, ब्रसेल्स आणि रोम इथले काही वर्ग लागतात. नेहमीच्या शाळेने ज्यांना 'अशिक्षणीय' ठरवले होते, अशी मुले त्या वर्गांत बसवलेली असत.

आधी जिनिव्हा. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालये तिथे थाटली गेली. देशोदेशींचे अधिकारी बायकामुलांसह राहायला आले. या मुलांचे शिक्षण हा अगदी घरगुती प्रश्न होता. स्थानिक शाळेत घालावे तर फ्रेंच येत नाही, मायदेशी ठेवावे तर ताटातूट. त्यातून १९२४च्या सप्टेंबरात अवघ्या आठ मुलांवर एक शाळा सुरू झाली. राष्ट्रसंघाच्या माहिती विभागातले अमेरिकन आर्थर स्वीटसर, आरोग्य विभागाचे पोलिश डॉक्टर लुडविक राइखमन ही मंडळी तिच्यामागे होती. त्याच वर्षी जपानमध्ये योकोहामातही एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पहिलेपणाचा मान कोणाचा, हा वाद मी त्या दोन शाळांवरच सोडतो.

जिनिव्हाच्या शाळेचे शैक्षणिक सल्लागार होते अदोल्फ फेरिएर. नव्या शिक्षणाच्या युरोपीय चळवळीचे हे मोठे प्रचारक. तरुणपणीच त्यांचे ऐकणे गेले होते. वर्गावर उभे राहून शिकवणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून आयुष्यभर ते लिहीत राहिले, संस्था उभ्या करत राहिले. आज जिला आपण सरसकट 'सपोर्ट' म्हणतो, तिच्या इतिहासात एक कर्णबधिर शिक्षणतज्ज्ञ अगदी पहिल्या पानावर आहे, ही गोष्ट शाळांच्या माहितीपुस्तिकांत मला कुठे आढळली नाही.

फेरिएर ज्या वर्तुळातले होते ते वर्तुळ म्हणजे जिनिव्हाची रूसो संस्था. एदुआर क्लापारेद यांनी १९१२ साली ती काढली, पियेर बोव्हे तिचे संचालक झाले. क्लापारेद मुळात डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ. त्यांचा 'मापाची शाळा' हा विचार १९२० साली पुस्तकरूपाने आला. म्हणणे साधे होते. शिंपी गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेतो, चांभार पायाचे घेतो, मग शाळेने तेवढा सगळ्या डोक्यांना एकच सदरा का चढवावा? याच वर्तुळात आलिस देकुद्र ही शिक्षिका होती. जिनिव्हात मागे पडणाऱ्या मुलांच्या खास वर्गाला ती शिकवत असे. चित्रे, खेळ, जोड्या लावायचे ठोकळे, हाताने करायच्या गोष्टी हे तिचे साहित्य.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. ब्रसेल्समध्ये ओव्हिड देक्रोली यांनी १९०१ साली आधी अशा 'वेगळ्या' मुलांसाठी संस्था काढली, आणि तिथे जे साधले ते घेऊन १९०७ साली सर्वसाधारण मुलांची शाळा काढली. मारिया मॉन्टेसरींचेही तेच. रोममध्ये मंदबुद्धी म्हटल्या गेलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांना साहित्य सापडले, आणि १९०७ साली सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीतल्या बालगृहात ते सगळ्या मुलांच्या हाती गेले. म्हणजे उलगडा उलटा आहे. चांगली शाळा आधी होती आणि दुबळ्यांसाठी तिला नंतर एक खोली जोडली, असे घडलेले नाही. दुबळी ठरवलेली मुले ज्या खोलीत होती, त्या खोलीतूनच पुष्कळशी चांगली शाळा बाहेर आली. आजच्या शाळा लर्निंग सपोर्टसाठी निराळी फी लावतात, तेव्हा मला हा क्रम मुद्दाम सांगावासा वाटतो.

जिनिव्हाच्या शाळेतली मुले मंद वगैरे नव्हती, पण अडलेली होती. भाषा परकी, वडील आज इथे तर उद्या दुसऱ्या राजधानीत, मित्र जमतात तोच तुटतात. शाळेने यावर काढलेला उपाय औषधासारखा नव्हता, तो वेळापत्रकातच होता. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत शाळा चालायची. एका भाषेत मुका असलेला मुलगा दुसरीत बोलका असे, आणि प्रत्येकाला कधी ना कधी शिकाऊ व्हावेच लागे. १९२९ ते १९४९ अशी वीस वर्षे मारी-तेरेझ मोरेत या संचालिका होत्या. भूगोल आपल्या देशापासून सुरू न करता आधी सगळी पृथ्वी दाखवावी, हा त्यांचा आग्रह. या अनुभवावर त्यांनी १९४८ साली युनेस्कोसाठी एक पुस्तिका लिहिली.

या शाळेत १९२६ साली आपल्याकडची एक मुलगी होती. क्षयाने आजारी असलेल्या कमला नेहरूंच्या उपचारांसाठी नेहरू कुटुंब त्या वर्षी मुंबईहून निघून जिनिव्हाला गेले. आठ वर्षांच्या इंदिरेला याच शाळेत घातले गेले. आई अंथरुणावर, भाषा अनोळखी, अशी ती मुलगी. पुढे जन्मभर तिला फ्रेंच चांगले येत होते. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला, वडील तुरुंगात असताना, ती आली पुण्याला. शांतिनिकेतनात राहून आलेल्या जहांगीर आणि कुंवरबाई वकील या दांपत्याच्या 'प्युपिल्स ओन स्कूल'मध्ये ती १९३४ पर्यंत शिकली. शाळेच्या नावाचा अर्थ पाहा, मुलांची स्वतःची शाळा. पाटीवर 'इंटरनॅशनल' न लिहिताही जिनिव्हाच्या विचाराच्या जवळ जाणारे नाव पुण्यात लागले होते.

आता मापाची दुसरी बाजू. क्लापारेद यांच्या शिंप्याला पट्टी हवी, आणि ती पट्टी आली पॅरिसहून. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखायचे कसे, यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ साली समिती नेमली. तिच्या कामातून आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांची चाचणी १९०५ साली निघाली. मुलाला मदत कुठे हवी ते कळावे, एवढाच बिनेंचा हेतू. बुद्धी ही ठरीव, न वाढणारी रास आहे, या मताला त्यांनी स्पष्ट विरोध केला होता. १९११ साली ते गेले. १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी चाचणीची सुधारित आवृत्ती काढली आणि बघता बघता पट्टीचा शिक्का झाला.

याच चाचण्यांच्या कामावर पॅरिसमध्ये एक तरुण बसला होता, झाँ पियाजे. मुलांची बरोबर उत्तरे मोजायची, हे त्याचे काम. त्याला कुतूहल वाटले ते चुकलेल्या उत्तरांचे. एकाच वयाची मुले एकाच तऱ्हेने का चुकतात? हा प्रश्न घेऊन १९२१ साली तो क्लापारेद यांच्या बोलावण्यावरून जिनिव्हाला आला. माझ्या मते, मुलाला समजून घेणारी शाळा आणि मुलाची प्रतवारी लावणारी शाळा यांच्या वाटा इथेच फुटल्या.

आपल्याकडे पट्टी आधी लाहोरला पोचली. राइस यांनी १९२२च्या सुमारास तिथे हिंदुस्तानी रूपांतर केले. मराठी आणि कन्नड मुलांसाठी ते काम धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तीसच्या दशकात केले, आणि १९४० साली त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत प्रश्न विचारायचा, ही कामतांच्या कामातली मोलाची गोष्ट. आज मराठी घरातल्या सहा वर्षांच्या पोराची इंग्रजीतून परीक्षा घेऊन त्याला 'स्लो' ठरवणारे बरेच जण आहेत. भाषेची अडचण आणि शिकण्याची अडचण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकीला भाषेचा सहवास लागतो, दुसरीला जाणकार शिक्षक लागतो. दोघींना एकच औषध दिले की दोन्ही मुले बुडतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला जागा दिली हे चांगलेच झाले, पण ती ओळखायची कोणत्या भाषेतून, हा कामतांचा प्रश्न शिल्लक आहे.

जिनिव्हाच्या त्या शाळेच्या आवारातूनच साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट परीक्षा घडली. १९६८ साली संस्था स्थापन झाली. आज आपल्या महागड्या शाळा ज्या 'आयबी'चे नाव घेतात ती हीच.

आणि त्याच मॉन्टेसरीच्या साहित्याचे दुसरे टोक ठाणे जिल्ह्यात होते. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. महागडे लाकडी साहित्य परवडेना, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरात आले. पुढे कोसबाडला वारली मुले शाळेत येईनात. चौकशी केली तर ती गुरे राखायला गेलेली. तेव्हा बाईंनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरत असताना शिकवायचे, गुरे पांगली की मुलाने उठून जायचे आणि हाकून आणून परत बसायचे. या शाळेला त्यांनी नाव दिले कुरणशाळा.