बांधावरच्या गिरिपुष्पाची कुळकथा

माघ सरत आला की नांदेड-लातूरकडे शेताच्या बांधांवर आणि रस्त्यांच्या कडेला एक झाड पाने झाडून टाकते आणि फिकट गुलाबी फुलांनी फांदीच्या बुडापासून लगडते. फोटो काढणारे त्याला हौसेने ‘आपली चेरी’ म्हणतात. शोभेच्या चेरीच्या कळ्यांना उमलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते; बालाघाटाच्या पठारावर ती मिळत नाही. हे झाड गिरिपुष्पाचे. जमिनीतली ओल आटली की ते निष्पर्ण होते आणि मग फुलते.

फूल हातात घेऊन बघा. ठेवण थेट हरभऱ्याच्या फुलाची, कारण कूळ तेच. मागची मोठी पाकळी ताठ उभी, तिच्या तळाशी पिवळसर ठिपका. चैत्र-वैशाखात चपट्या शेंगा वाळून तडकतात आणि बिया लांब उडतात. पावसाआधी पालवी येते.

याचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथे कोकोच्या रोपांना सावली म्हणून ते लावत, म्हणून स्पॅनिश लोकांनी त्याला ‘कोकोची आई’ म्हटले. बिया आणि साल उंदरांना विष म्हणून घालत. आपल्याकडचे ‘उंदीरमारी’ हे नाव त्याच गुणाचे. १७६० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस जॅकिन यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. स्पॅनिशांनी ते फिलिपिन्सला नेले, इंग्रजांच्या काळात ते सिलोनच्या चहामळ्यांत सावलीला आले. महाराष्ट्रात १९८२ साली सामाजिक वनीकरण विभाग झाला, आणि त्या लागवडीत हे झाड रस्तोरस्ती पोचले. गुरे सहसा तोंड लावत नाहीत, मुरमाड जमिनीत तग धरते, नुसती फांदी रोवली तरी फुटते. वनक्षेत्र जेमतेम असलेल्या लातूरसारख्या जिल्ह्याला आणखी काय हवे होते? तरी टेकडीच्या टेकडी याच एका झाडाने भरणे मला पटत नाही. ती जागा आधी पळसाची, पांगाऱ्याची.

बांधावर मात्र त्याने आपली जागा कमावली आहे. कोवळा पाला सोयाबीन-तुरीच्या रानात टाकला की लवकर कुजतो आणि पिकाला नत्र मिळते. पण वरचेवर छाटलेले झाड फुलत नाही, फुले जुन्या फांद्यांवरच येतात. शेतकरी बंधू-भगिनींनो, पाला जरूर कापा. बांधावरचे एखादे झाड तेवढे न छाटता फुलू द्या.