प्रतापसिंह महाराजांचा न चाललेला खटला

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर विश्रामबाग लागतें. १९१९ सालीं येथें विलिंग्डन कॉलेज निघालें आणि पुढें आजूबाजूस सुशिक्षित कुटुंबांची वस्ती वाढत गेली. या वस्तींतील कोणत्याही घरीं जा, पुस्तकांच्या कपाटांत गुन्ह्याच्या तपासाची एखादी तरी गोष्ट सांपडेल. १८८८ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपेल भागांत बायकांचे खून करणारा इसम कोण असावा, याविषयीं येथील पदवीधर दहा तर्क सहज सांगूं शकेल. परंतु शेजारच्याच साताऱ्यांत १८३६ पासून १८३९ पर्यंत जी चौकशी चालली, जिच्या शेवटीं शिवछत्रपतींच्या गादीचा वारस पदच्युत झाला, आणि जिच्या पार्श्वभूमीवर सांगलीचेही एक थोर गृहस्थ उभे दिसतात, तिची हकीकत ठाऊक असलेला वाचक क्वचितच भेटतो. शाळेच्या पुस्तकांतून ती एका वाक्यांत उरकलेली असते. "राजानें कट केला असें ठरवून इंग्रजांनीं त्यास काशीस पाठविलें." कोणीं ठरविलें, कोणत्या पुराव्यावर ठरविलें, आणि ज्याच्याविषयीं ठरविलें त्याला तें विचारलें काय, हे प्रश्न त्या वाक्यांत बसत नाहींत.

प्रथम माणूस कोण तें पाहूं. प्रतापसिंहांचा जन्म १७९३ चा. १८०८ सालीं ते नांवाचे छत्रपति झाले, कारण सत्ता सर्व पेशव्यांच्या हातीं होती. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हातीं आले. एल्फिन्स्टन साहेबांनीं त्यांना साताऱ्यास गादीवर बसविलें. २५ सप्टेंबर १८१९ चा तह झाला. आणि ग्रँट डफ यांच्या देखरेखीखालीं तयार झाल्यावर १८२२ मध्यें त्यांस राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. महाराजांनीं राज्य नेटकें चालविलें. रस्ते बांधले, पाण्याची सोय केली, विद्येस आश्रय दिला. महाबळेश्वरचें थंड हवेचें ठिकाण वसविण्यांतही त्यांचा मोठा वांटा होता. कंपनीच्या संचालकांना हा कारभार इतका पसंत पडला कीं, १८३५ च्या अखेरीस त्यांनीं प्रशंसेचें पत्र आणि रत्नजडित तलवार महाराजांसाठीं धाडली. ती तलवार मुंबईपर्यंत आली. महाराजांच्या हातीं मात्र कधींच पडली नाहीं. एका वर्षाच्या आंत याच राजावर राजद्रोहाचा आळ येऊन त्याची चौकशी सुरू झाली होती.

मधल्या काळांत बिनसलें काय? भोरचे सचिव, औंधचे प्रतिनिधि, फलटण, अक्कलकोट, जत येथील जहागीरदार यांच्यावर हुकमत कोणाची, हा वाद त्याच्या मुळाशीं होता. महाराज तहाचें कलम दाखवून म्हणत कीं ती आमची. मुंबई सरकारचे अंमलदार तें मान्य करीनात. महाराजांनीं मुंबईस वकील ठेवले, आणि दाद लागेना तेव्हां थेट विलायतेस माणसें पाठविण्याची तयारी चालविली. तहाच्या पांचव्या कलमानें बाहेरच्या कोणाशींही रेसिडेंटाच्या विद्यमानेंच बोलावयाचें होतें, आणि महाराजांनीं हें बंधन नेहमीं काटेकोर पाळलें असें त्यांच्या कैवाऱ्यांनींही म्हणूं नये. त्यांचा स्वभाव मानी होता. जवळचीं माणसें सगळींच निवडक नव्हतीं. पण वरिष्ठाकडे दाद मागणें निराळें आणि वरिष्ठाचें राज्य उलथून पाडणें निराळें. मुंबईच्या दप्तरांत हीं दोन्हीं हळूहळू एकाच सदराखालीं जाऊं लागलीं.

१८३६ च्या पावसाळ्यांत साताऱ्यास असलेल्या २३ व्या देशी पलटणीच्या दोन सुभेदारांनीं वर्दी दिली कीं, अंताजी नांवाचा एक ब्राह्मण आपल्याला फितवूं पाहत आहे, आणि महाराजांचे दिवाण गोविंदराव त्यांत सामील आहेत. पुढें त्यांनीं असेंही सांगितलें कीं, सप्टेंबरांत आपली राजवाड्यांत गुप्तपणें भेट करविण्यांत आली व खुद्द महाराज आपल्याशीं बोलले. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनीं ऑक्टोबरांत तीन जणांचें गुप्त कमिशन नेमलें. रेसिडेंट कर्नल लॉडविक, सरकारचे सेक्रेटरी विलोबी, आणि लेफ्टनंट कर्नल ओव्हन्स हे तिघे त्याचे सभासद होते.

'गुप्त' या शब्दावर वाचकांनीं क्षणभर थांबावें. ज्या फितुरीनें ब्रिटिश राज्य धोक्यांत आलें असें म्हणावयाचें, तिचे साक्षीदार बंद दाराआड तपासले गेले. आरोपीचा वकील तेथें नव्हता. उलटतपासणी झाली नाहीं. मुख्य भार ज्या अंताजीच्या सांगण्यावर, तो स्वतःच फितविणारा म्हणून पकडलेला इसम. त्याची सुटका दुसऱ्याला गुंतविण्यावर अवलंबून होती. महाराजांस कमिशनपुढें बोलावलें गेलें तेव्हां त्यांनीं आरोप साफ नाकारला. त्यानंतर तीन वर्षें ते एकच मागणी करीत राहिले: माझ्याविरुद्धच्या पुराव्याच्या नकला द्या, मी उत्तर देतों. त्या नकला त्यांस मिळाल्या नाहींत.

कमिशनचें काम आटोपलें, पण सरकारचें समाधान झालें नाहीं. येथून पुढचा भाग आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटतो. दोन सुभेदारांच्या हकीकतीवर राजा काढून टाकणें कठीण, म्हणून जुन्या आरोपाला टेकू देण्यासाठीं नवे आरोप शोधले जाऊं लागले. १८३७ सालीं लॉडविक यांना साताऱ्याहून हलवून त्यांच्या जागीं ओव्हन्स आले. म्हणजे कमिशनांत बसून ज्यानें निवाडा केला तोच आतां रेसिडेंट, आणि तोच नव्या पुराव्याचा संग्राहक. गोविंदराव दिवाणांना अहमदनगरच्या तुरुंगांत ठेवलें होतें. तेथें त्याच वर्षीं त्यांच्याकडून कबुलीजबाब मिळविण्यांत आला. आप्तांपासून दूर, तुरुंगांत, सुटकेची आशा दाखविलेल्या माणसाची कबुली किती मोलाची, हें आजच्या कोणत्याही फौजदारी वकिलास विचारावें. याच सुमारास गोविंदरावांची आई गिरजाबाई हिच्या नांवानें सरकारकडे एक अर्ज आला होता, आणि चौकशीस नवें तोंड फुटलें तें या अर्जावरून. एका दुःखी मातेनें मुलासाठीं खरें सांगून टाकलें, असें त्याचें स्वरूप होतें. तो अर्ज प्रत्यक्षांत कृष्णाजी सदाशिव भिडे नांवाच्या गृहस्थानें रचला होता, हें मागाहून उघडकीस आलें. आणि तेंही त्यानेंच आपल्या कामगिरीचा मोबदला मागितला म्हणून. ज्या दस्तऐवजावर इमारत उभी करावयाची त्याचा लेखक कोण हें आधीं पाहावें, ही साधी गोष्ट जाणते अंमलदार विसरले असतील हें पटत नाहीं.

नव्या आरोपांपैकीं पहिला गोव्याचा. महाराजांनीं गोव्याचे व्हाइसरॉय दों मानुएल यांच्याशीं संधान बांधलें आणि पोर्तुगालहून तीस हजार फौज आणवून हिंदुस्थान घेण्याचा बेत केला, असें सांगण्यांत आलें. आतां पोर्तुगालची स्थिति पाहा. १८२८ पासून १८३४ पर्यंत तो देश दोन राजबंधूंच्या यादवींत होरपळत होता. १८३५ सालीं खुद्द गोव्यांत नवा अधिकारी आला आणि थोड्याच दिवसांत लष्करी बंडानें हुसकला गेला. ज्यांना पणजी सांभाळणें जड झालें होतें ते कलकत्ता घ्यावयास निघणार होते! ही कल्पना एखाद्या लबाड कारकुनानें राजाच्या पैशावर डोळा ठेवून रंगविली असेल. तिच्यावर एखादा भोळा राजा क्षणभर भाळलाही असेल. पण मुंबईच्या कौन्सिलांत बसणाऱ्यांनीं ती गंभीरपणें लिहून घ्यावी, हें नवल आहे.

दुसरा आरोप नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशीं पत्रव्यवहार केल्याचा. हे गृहस्थ त्या वेळीं जोधपुरास आश्रित म्हणून दिवस काढीत होते. त्यांच्यापाशीं राज्य नव्हतें, फौज नव्हती, द्रव्यही नव्हतें. याविषयीं अधिक लिहिण्याजोगें कांहीं नाहीं.

विलायतेंतील संचालकांनाही हें सारें फारसें रुचलें नव्हतें. १८३८ सालीं त्यांनीं कळविलें कीं, चौकशी आणखी लांबविणें हा कालापव्यय तर आहेच, पण त्यानें आपल्या सरकारच्या लौकिकासही बाध येतो. मग १८३९ मध्यें सर जेम्स कार्नॅक नवे गव्हर्नर होऊन आले व ऑगस्टांत जातीनें साताऱ्यास गेले. त्यांचा हेतु महाराजांस वांचविण्याचा होता, असें आम्ही मानतों. ते म्हणाले, झालें गेलें विसरूं. राज्य तुमचेंच राहील. फक्त तह मोडल्याचें मान्य करणाऱ्या या अटींवर सही करा. महाराजांनीं नकार दिला. राज्य जाईल हें त्यांस स्पष्ट सांगितलें होतें, तरी जो अपराध केला नाहीं तो केला असें लिहून देण्यास ते तयार झाले नाहींत.

या सहीची एवढी निकड सरकारास कां असावी? अपराध शाबीत झाला होता, तर कबुली मागण्याचें कारण नव्हतें; आणि झाला नव्हता, तर राज्य घेण्याचा अधिकार नव्हता. तीन वर्षांच्या दप्तरांत जें सिद्ध झालें नाहीं तें आरोपीच्या एका सहीनें सिद्ध करून घ्यावयाचें होतें. सही मिळाली असती तर आज आपणही प्रतापसिंहांस अपराधी म्हणत बसलों असतों.

५ सप्टेंबर १८३९ रोजीं पहाटे फौज राजवाड्यांत शिरली. महाराजांस पालखींत घालून जवळच्या लिंब गांवीं नेलें आणि गादीवर त्यांचे धाकटे बंधु शहाजी बसविण्यांत आले. पुढें काशीस रवानगी झाली. त्या वाटचालींत नातलग बाळासाहेब सेनापति मरण पावले.

आपल्याकडे या प्रकरणाची चर्चा झाली कीं ती लगेच बाळाजीपंत नातूंकडे वळते. वळावी हें स्वाभाविक आहे. १८१७ मध्यें शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढविणारे म्हणून ज्यांचें नांव घेतात, तेच हे. साताऱ्यांतील कारस्थानांत त्यांचा हात होता यांत संशय नाहीं. त्याच दशकांत छत्रपतींचें क्षत्रियत्व आणि प्रभूंचा वेदोक्ताचा अधिकार यांवरून साताऱ्यांत मोठें ग्रामण्य माजलें होतें. महाराज एका पक्षाचे. विरुद्ध पक्षाचे पुढारी नातू आणि आमच्या सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. चिंतामणराव म्हणजे सांगली संस्थानचे संस्थापक. त्यांच्या शौर्याविषयीं आणि करारीपणाविषयीं सांगलीकरांस वाटणारा अभिमान अनाठायीं नाहीं. परंतु या वादांत त्यांचें वजन छत्रपतींच्या विरुद्ध पडलें हें लपविण्यांत अर्थ नाहीं. प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ही बाजू जळजळीत भाषेंत मांडली आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नातूंवर सर्व राग काढला कीं कमिशनचे तिघे सभासद आणि मुंबईचें कौन्सिल आपोआप सुटतात. चहाडखोर प्रत्येक दरबारांत असतात. चहाडीला पुराव्याची जागा कोण देतो हें पाहावयाचें असतें. हें प्रकरण जातींच्या भांडणाचें करून आपण शंभर वर्षें एकमेकांवर आग पाखडली, आणि खरा प्रतिवादी नामानिराळा राहिला.

कित्येक म्हणतात, राज्य गिळण्यासाठींच हा घाट होता. तेंही आम्हांस पुरतें पटत नाहीं. तसें असतें तर १८३९ सालींच तें खालसा करतां आलें असतें. भावाला गादी देण्याचें कारण नव्हतें. आमच्या समजुतीप्रमाणें हेतु याहून क्षुद्र होता. जहागिरीच्या वादांत अंमलदारांनीं एक बाजू घेतली; मग चौकशीस हात घातला; आणि हात घातल्यावर, राजा निर्दोष आहे असें म्हणणें म्हणजे आपण चुकलों असें म्हणणें झालें. १८७५ सालीं बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटास विष घातल्याचा आरोप आला, तेव्हां निदान उघड कमिशन बसलें, त्यांत शिंदे व जयपूरचे महाराज आणि दिनकरराव यांस स्थान मिळालें, बॅलंटाइनसारख्या नामांकित वकिलानें साक्षीदारांस फाडून काढलें. सभासदांचीं मतें तीन विरुद्ध तीन अशीं पडलीं. मल्हाररावांची गादी तरीही गेली, पण गैरकारभाराचें कारण देऊन. साताऱ्याच्या राजाच्या वांट्यास, ज्याचा कारभार संचालकांनींच वाखाणला होता, एवढेंही आलें नाहीं.

खटला चालला नाहीं तो चालवावा म्हणून रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्यें लंडनास पोंचले. रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांच्या घराण्यांतील हा माणूस परक्या मुलखांत सुमारे चौदा वर्षें राहिला, इंग्रजी शिकला, सभांतून बोलला, पत्रकें छापून वांटलीं. जॉर्ज टॉम्सन आणि जोसेफ ह्यूम यांनीं त्याची बाजू उचलली. कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत या प्रश्नावर दिवसचे दिवस वाद झाले. विशेष म्हणजे, कमिशनवर सही करणारे लॉडविकच तेथें महाराजांच्या बाजूनें उभे राहिले व आपल्या त्या सहीविषयीं त्यांनीं पश्चात्ताप दाखविला. बहुमत मात्र पालटलें नाहीं. १४ ऑक्टोबर १८४७ रोजीं प्रतापसिंह काशीस वारले. पुढच्याच एप्रिलांत शहाजी वारले. त्यांनीं घेतलेला दत्तक डलहौसीनें नाकारला आणि राज्य खालसा झालें. दत्तक मान्य करावा असें साताऱ्याचे तेव्हांचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर लिहीत होते, तें कोणीं ऐकलें नाहीं.

रंगो बापूजी रिकाम्या हातानें परत आले. अर्ज संपले होते. १८५७ सालीं साताऱ्यांत उठावाची जुळवाजुळव उघडकीस आली, तिच्या मुळाशीं तेच होते असें सरकारनें ठरविलें. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांस देहदंड झाला. कोणी फांशीं गेले, कोणी तोफेच्या तोंडीं, कोणी गोळीनें. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम यासही त्या धामधुमींत प्राणास मुकावें लागलें. बाप त्याआधींच नाहींसा झाला होता. सरकारनें पुष्कळ शोध केला, पकडून देणारास बक्षीस लावलें. रंगो बापूजी कोठें गेले आणि कोठें वारले, याचा पत्ता सरकारला शेवटपर्यंत लागला नाहीं.