इनाम आणि मानधन

मुळशीकडच्या जत्रेत कुस्ती सुरू होते ती रेवड्यांवर. पोरं लढतात, मूठभर रेवड्या घेऊन पळतात. मग पन्नास, पाचशे, हजार असं इनाम चढत जातं, गावच्या वर्गणीतून. म्हणजे खेळात पैसा होताच की! पण तो कौतुकाचा, कष्टाचा नव्हे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवान पोसले. संस्थानं गेली, खुराक उघड्यावर पडला. 1952 साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांना पैसे गोळा करत फिरावं लागलं. त्यांनी कांस्यपदक आणलं. मुळशीतल्याच मुठा गावच्या मामासाहेब मोहोळांनी कुस्तीगीर परिषद उभी केली, 1961 पासून ‘महाराष्ट्र केसरी’ भरू लागली. विजेत्याची चांदीची गदा आजही मोहोळ कुटुंब देतं. 2023 मध्ये कोथरूडला विजेत्याला गदेसोबत थार गाडीही मिळाली. छानच. पण ती एकालाच.

आता आफ्रिकेत, सेनेगलला बघा. तिथलीही कुस्ती मुळात सुगीनंतरचा गावखेळ. डाकारमध्ये आयोजकांनी ती तिकिटावर, टीव्हीवर आणली. मोठी जोड लागते तेव्हा दोन्ही मल्लांचं मानधन आधी ठरतं. हरणाराही घेऊन जातो. आपल्याकडे 2014 पासून प्रो कबड्डीत हे जमलं. मोसमाचा करार होतो, मग सामना हरला तरी पोट चालतं.

तालमीतला आमचा पोरगा मात्र बदाम खातो ते बापाच्या खिशातून. आणि हिंजवडीच्या बाजूला बापाचा खिसा म्हणजे, तुम्हाला सांगायला नको, विकलेली गुंठेवारी. ती किती वर्षं पुरणार?