उलटे सैनिक : इस्तंबूलच्या एका रस्त्याची पायी फेरी

(धागा)

इस्तंबूलच्या बायझीद चौकाजवळ एक जुना हमाम आहे. त्याच्या पायाच्या दगडांत काही रोमन सैनिक कोरलेले दिसतात. त्यांतले काही डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत आहेत. गेली सुमारे पाचशे वर्षे ते तसेच चालत आहेत. शेजारून ट्राम धडधडत जाते आणि बहुतेक प्रवाशांचे लक्षही जात नाही.

हे सैनिक तेथे का आले आणि उलटे का बसवले गेले, हे समजण्यासाठी थोडे मागे, सुलतानअहमेत चौकापर्यंत जावे लागते. शहरातील बहुतेक पायी सहली तेथूनच निघतात. गळ्यात परवान्याचे ओळखपत्र अडकवलेला मार्गदर्शक, हातात उंच धरलेली छत्री आणि मागे पंधरा-वीस माणसे, हे दृश्य तेथे रोजचेच.

चौकाच्या कडेला संगमरवराचा एक झिजलेला खांब एकटाच उभा आहे. हा 'मिलिओन'चा अवशेष. कॉन्स्टँटिनोपल राजधानी असताना साम्राज्यातील सर्व रस्त्यांची अंतरे येथून मोजली जात. १९६० च्या दशकातील उत्खननात तो पुन्हा उजेडात आला.

येथूनच 'मेसे' निघत असे. मेसे म्हणजे मधला रस्ता. दोन्ही बाजूंना स्तंभांच्या ओवऱ्या, ओवऱ्यांत दुकाने आणि मधून सम्राटांच्या विजययात्रा. १४५३ नंतर सत्ता उस्मानी सुलतानांकडे गेली, रस्ता मात्र जागचा हलला नाही. तोपकापी महालात भरणाऱ्या दिवाणाकडे वजीर याच वाटेने जात, म्हणून त्याचे नाव 'दिवान योलू', दिवाणाचा रस्ता. आपल्या दिवाणखान्यातला आणि दिवाणी दाव्यातला 'दिवाण' तो हाच. आज त्यावरून ट्राम धावते.

मिलिओनपासून बायझीद चौक जेमतेम एक-सव्वा किलोमीटर. पण हे अंतर चालण्यापूर्वी एका माणसाची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

१५४४ च्या सुमारास पियेर जिल नावाचा फ्रेंच विद्वान या शहरात आला. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने त्याला प्राचीन हस्तलिखिते मिळवण्यासाठी पाठवले होते. पुढे राजा वारला, पैसे येईनासे झाले आणि या पंडितावर सुलतान सुलेमानाच्या सैन्यात भरती होऊन इराणच्या मोहिमेवर जाण्याची वेळ आली. परंतु त्याचे खरे काम ती मोहीम नव्हे. जुने ग्रंथ वाचून तो गल्लीबोळांतून पायी हिंडला आणि ग्रंथातली कोणती वास्तू आज कोठे असावी, हे जागेवर जाऊन तपासत राहिला.

त्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट हागिया सोफियाजवळची. तेथील रहिवासी आपल्या घरांच्या तळातील भोकांतून बादल्या सोडून पाणी काढत आणि कधी कधी मासेही. पण खाली नेमके काय आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. जिल एका घरातून खाली उतरला. घरमालकाने त्याला होडीत बसवले, मशाल पेटवली आणि स्तंभांच्या अरण्यातून फिरवले. मालक स्वतः मधूनमधून मासे टिपत होता!

ते होते जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधवलेले भूमिगत जलाशय. लांबी सुमारे १४० मीटर आणि स्तंभ ३३६. आज सहलीतील मंडळी तिकीट काढून तेथे उतरतात. त्यांतल्या एका स्तंभावर अश्रूंसारखी नक्षी आहे. ती लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

जिलने पाहिलेली दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. हागिया सोफियासमोर एका प्रचंड स्तंभावर जस्टिनियनचा अश्वारूढ कांस्य पुतळा होता. उस्मानी विजयानंतर तो खाली उतरवला गेला. जिलच्या काळी त्याचे तुकडे महालाच्या आवारात पडून होते आणि तोफा ओतण्यासाठी भट्टीकडे नेले जात होते. जिलने ते चोरून मोजले. सम्राटाचा पाय त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा मोठा होता आणि नाक नऊ इंचांहून लांब. त्या पुतळ्याच्या आकाराविषयी आज जे थेट माहीत आहे, त्यात या घाईघाईच्या मोजमापांचा वाटा मोठा आहे.

येथे सहज आठवते ती आपल्याकडची 'मलिक-ए-मैदान'. निजामशाहीच्या अहमदनगरात १५४९ मध्ये ही तोफ ओतली गेली आणि पुढे परांड्यावरून विजापुरास गेली. तिच्यावर ओतणाऱ्याचे नाव आहे मुहम्मद बिन हुसेन रूमी. 'रूमी' म्हणजे रूमचा, उस्मानी मुलखातला. जस्टिनियनच्या कांस्याशी तिचा काही संबंध नाही. पण तोफेच्या ज्या भुकेने तो पुतळा गिळला, ती त्याच दशकात दख्खनपर्यंत पोहोचली होती.

आता रथांच्या शर्यतींचे जुने मैदान, हिप्पोड्रोम. याच मैदानातून ५३२ मध्ये 'निका' बंड भडकले आणि येथेच ते रक्तात बुडवले गेले. इतिहासकार प्रोकोपियसने मृतांचा आकडा तीस हजारांहून अधिक दिला आहे. आज तेथे बाकांवर माणसे निवांत चहा पीत बसलेली असतात.

मैदानातील तीन उभे अवशेष पाहायला खड्ड्यात डोकवावे लागते. कारण शहराची जमीनच शतकानुशतकांच्या राडारोड्याने काही मीटर वर चढली आहे. पहिला अवशेष इजिप्तच्या कर्नाक मंदिरातून आणलेला, तिसऱ्या थुतमोसचा सूचिस्तंभ. थिओडोसियसने तो ३९० मध्ये येथे उभारला. त्याच्या बैठकीवर दोन लेख आहेत. लॅटिन लेख म्हणतो, स्तंभ ३० दिवसांत उभा राहिला. ग्रीक लेख म्हणतो, ३२ दिवसांत. सरकारी आकड्यांचा हा घोळ सोळाशे वर्षे उघड्यावर आहे.

दुसरा, एकमेकांत गुंफलेल्या तीन सर्पांचा कांस्यस्तंभ. इ. स. पूर्व ४७९ मध्ये प्लाटियाच्या लढाईत ग्रीकांनी इराणी फौजेला हरवले, त्या विजयाचे हे स्मारक मुळात डेल्फीत होते. सर्पांची मस्तके १७०० च्या सुमारास तुटली. त्यांतल्या एकाचा वरचा जबडा पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिसऱ्या स्तंभावरचे कांस्याचे पत्रे १२०४ मध्ये क्रुसेडरांनी सोलून नेले. म्हणजे स्मारके वितळवण्याची विद्या कोणा एका धर्माची वा वंशाची मक्तेदारी नव्हती. मार्गदर्शक कोणत्या लुटीवर किती वेळ बोलतो, यावरून सहल कोणाच्या नजरेतून चालली आहे ते चटकन कळते.

आता दिवान योलूवरून चढण चढू लागावे. डावे-उजवे पाहता थोड्याच वेळात चेंबरलिताश लागतो, म्हणजे पट्ट्या आवळलेला दगड. नव्या राजधानीच्या स्थापनेच्या वेळी, ३३० मध्ये, कॉन्स्टँटाइनने हा स्तंभ उभारला. वरचा पुतळा ११०६ च्या वादळात कोसळला, १७७९ च्या आगीत दगड काळवंडला, आणि लोखंडी पट्ट्यांच्या आधाराने तो आजही उभा आहे.

शेजारी सुलतानाची माता नूरबानू हिच्यासाठी १५८४ मध्ये बांधलेला हमाम आहे. १८६५ च्या मोठ्या आगीनंतर रस्ता रुंद करण्याची मोहीम निघाली, तेव्हा त्याच्या स्त्रियांच्या विभागाचा एक भाग कापला गेला. येथे परकीय आक्रमक नव्हता. होता तो आधुनिक शहर घडवण्याचा सरकारी उत्साह.

आणि मग बायझीद. येथे थिओडोसियसचा चौक होता. १९५० च्या दशकात पंतप्रधान मेंदेरेस यांच्या काळात रुंद रस्त्यांसाठी जुन्या इमारती पाडल्या गेल्या. त्याच खोदाईत त्या चौकाच्या कमानीचे स्तंभ सापडले. पदपथालगत ते आडवे-उभे पडले आहेत आणि त्यांच्यावर अश्रूंसारखी नक्षी आहे. जलाशयातला तो स्तंभ आठवावा. दोन्हींची नक्षी तीच.

रस्त्याच्या याच टप्प्यावर हमाम आहे आणि त्याच्या पायाशी ते सैनिक. चौकाच्या मध्यभागी थिओडोसियसच्या विजयांची चित्रे कोरलेला उंच स्तंभ होता. १५०० च्या सुमारास, दुसऱ्या बायझीदाच्या काळात, तो पाडला गेला आणि त्याचे दगड हमामाच्या पायात गेले. सैनिक उलटे बसवण्यामागे अपमानाचा हेतू असेलच असे नाही. गवंड्याला सपाट बाजू हवी होती आणि दगड तसा नीट बसत होता, एवढे कारण पुरेसे आहे. त्यातली गंमत अशी, की पायात पुरल्यामुळेच ते सैनिक वाचले. स्तंभाचा बाकी भाग बहुतेक नाहीसा झाला.

बहुतेक सहली येथून उजवीकडे वळतात, झाकल्या बाजाराकडे, गालिचे आणि मिठाईच्या दुकानांकडे. जुना रस्ता मात्र पश्चिमेकडे पुढे जातो. अजून सुमारे दोन किलोमीटर चालले, तर जेर्राहपाशा भागातील एका गल्लीत दोन घरांच्या मध्ये दगडाचा एक मोठा काळपट ठोकळा लागतो.

ही अर्केडियसच्या स्तंभाची बैठक. जिलने पाहिला तेव्हा स्तंभ पूर्ण उभा होता. तो आतल्या जिन्याने वर चढला आणि त्याने स्तंभाची मापे घेतली. पुढे १५७४ मध्ये एका चित्रकाराने त्यावरील कोरीव मिरवणुका कागदावर उतरवल्या. ती चित्रे आज केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी, कोसळण्याच्या भीतीने, स्तंभ उतरवण्यात आला. जिल तोपर्यंत कधीच गेला होता. १५५५ मध्ये रोम येथे त्याचा मृत्यू झाला आणि या शहरावरचे त्याचे पुस्तक १५६१ मध्ये छापले गेले.

त्या ठोकळ्यापाशी तिकीटखिडकी नाही आणि छत्री उंच धरलेला मार्गदर्शकही सहसा नसतो. वरच्या मजल्यावरच्या दोरीवर कपडे वाळत असतात.