गुरुवारच्या छायागीताआधी

मुंबई दूरदर्शनवर गुरुवारी रात्री ‘छायागीत’ लागायचं. हिंदी चित्रपटांतली मोजकी गाणी, एवढाच मामला. पण त्यासाठी आख्खी चाळ ज्याच्याकडे संच असेल त्याच्या खोलीत संध्याकाळीच जागा धरायची, आणि एकदा बसल्यावर आधी जे लागेल ते बघायची. त्यात ‘आमची माती, आमची माणसं’ असे, ‘कामगार विश्व’ असे, गुजराती भाषकांसाठी ‘संताकुकडी’ असे, बातम्या तर असतच. ज्यांच्या गॅलरीत कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही उगवलं नव्हतं, अशी माणसं पिकांवरच्या किडीची चर्चा निमूटपणे ऐकत.

शेतीपासून सिनेमापर्यंत सगळं एकाच रात्रीत दाखवायचं, ही रीत मुंबईची नाही आणि दूरदर्शनचीही नाही. तिचं मूळ लंडनला, 1920च्या दशकातल्या बीबीसी रेडिओत सापडतं. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांचा आग्रह होता की श्रोत्याला त्याच्या आवडीचं तेवढंच देऊ नये. नाचाच्या संगीतानंतर व्याख्यान, व्याख्यानानंतर नाटक, असं मिसळून द्यावं. लोकांनी आपापल्या कार्यक्रमापुरता रेडिओ लावून बंद करू नये म्हणून कार्यक्रमांच्या वेळाही मुद्दाम पक्क्या ठेवत नसत. 1935मध्ये याच बीबीसीतले लायोनेल फील्डन भारतात नभोवाणीचे नियंत्रक म्हणून आले, आणि पुढच्याच वर्षी इथल्या सेवेचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. आपल्या आकाशवाणीनं मिसळण्याची रीत उचलली, वेळा मात्र घट्ट बांधल्या. कुठल्या वारी किती वाजता काय, याचा तक्ता म्हणजे ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’.

दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली ती आकाशवाणीचाच एक विभाग म्हणून. माणसं तीच, तक्ताही त्याच वळणाचा. पु. ल. देशपांडे या सुरुवातीच्या दिवसांत तिथे होते. 2 ऑक्टोबर 1972ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हाही छत्र आकाशवाणीचंच होतं. दूरदर्शन वेगळं झालं ते 1 एप्रिल 1976ला. म्हणून मुंबई केंद्राची पहिली काही वर्षं नीट पाहिली तर रेडिओच पडद्यावर चालून आल्यासारखा दिसतो. शेतकरी, कामगार, महिला, मुलं, युवक, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. वाहिनी एक, तास थोडे, आणि सरकारी संस्था असल्यामुळे कुणाला वगळायची सोय नाही. या रात्रींच्या वैविध्याचं कौतुक करताना आपण हे विसरतो. ते रुचीतून आलं नव्हतं. जागा कमी आणि हक्कदार जास्त, त्यातून ते आलं.

काही जण या सगळ्याचं नातं तमाशाशी जोडतात: गण, गवळण, बतावणी, वग, एकाच रात्रीत भक्तीपासून चावटपणापर्यंत. साम्य गंमतीचं आहे, पण वंश तो नव्हे. तमाशाची रात्र एकच फड रचतो. दूरदर्शनची रात्र वेगवेगळे विभाग रचत, आणि शेजारच्या खोलीत काय शिजतंय याचा त्यांना पत्ता असेलच असं नाही.

तरी त्या चौकटीत चांगली माणसं होती म्हणून ती रात्र कंटाळवाणी झाली नाही. आकाशानंदांनी ‘ज्ञानदीप’ असा केला की गावोगावी ज्ञानदीप मंडळं निघाली. विनायक चासकरांचा ‘गजरा’ म्हणजे छोट्या प्रहसनांची माळ. चि. वि. जोशींच्या पुस्तकांतून ‘चिमणराव’ आला; दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. आठवड्याच्या आठवड्याला भेटणाऱ्या माणसांची सवय मराठी घरांना इथे लागली.

पुढचं वळण मेक्सिकोतून आलं आणि ते आणलं नागपूरकडच्या माणसानं. माहिती व नभोवाणी मंत्री राहिलेल्या वसंत साठे यांनी तिथल्या मालिका पाहिल्या. कुटुंबनियोजन, साक्षरता असे विषय त्या कौटुंबिक गोष्टीत पेरत. त्या धर्तीवर 7 जुलै 1984ला ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशींचं लेखन, शेवटी अशोककुमारांचं निवेदन आणि प्रायोजक मॅगी. पहिल्या तेरा भागांत उपदेश फार झाला, प्रेक्षक कुरकुरले, तेव्हा उपदेशावर पाणी सोडून गोष्टीला मोकळं सोडलं. ती 156 भाग चालली.

प्रायोजक आले आणि रात्रीचे वाटे सरकारी विभागांऐवजी कथाप्रकारांत पडू लागले. मालिकांना मंजुरी तेरा-तेरा भागांची मिळे, म्हणजे वर्षाचा एक चतुर्थांश. आठवड्याला एक भाग दाखवायचा, तर प्रत्येक वाराला वेगळी गोष्ट लागणार. म्हणून एका वारी ‘ये जो है जिंदगी’चा विनोद, दुसऱ्या वारी गाजर चावणारा ‘करमचंद’, कधी ‘बुनियाद’मधली फाळणी, कधी ‘नुक्कड’. माझ्या मते भारतीय दूरचित्रवाणीची सर्वांत रंगीत रात्र ही पाच-सात वर्षांतलीच. मुंबई केंद्रानंही या काळात ‘एक शून्य शून्य’ ही पोलिसी मालिका केली. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंह आणि अभिनेते शिवाजी साटम ही जोडी 1998मध्ये ‘सीआयडी’ घेऊन सोनीवर गेली आणि दोन दशकं तिथेच राहिली.

1991मध्ये हाँगकाँगहून स्टारच्या पाच वाहिन्या उतरल्या. त्यांत खेळांची वेगळी, गाण्यांची वेगळी, बातम्यांची वेगळी. हे खरं विभाजन. गाणी चोवीस तास मिळू लागल्यावर त्यांच्यासाठी किडीची चर्चा ऐकण्याचं कुणाला कारण उरलं नाही. 1994मध्ये ‘शांती’नं दुपारी रोजच्या मालिकेचा पायंडा पाडला. 3 जुलै 2000च्या रात्री स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’पाठोपाठ ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली, आणि कालांतरानं प्रश्नमंजुषा हंगामापुरती उरली, सासू रोजची झाली. मराठीत ई टीव्हीवरच्या ‘चार दिवस सासूचे’नं 3,000हून अधिक भाग गाठले.

फिक्स्ड पॉइंट चार्ट मात्र टिकला आहे. वाहिन्यांच्या कार्यालयांत त्याला एफपीसी म्हणतात, आणि तो अजूनही वार आणि वेळ यांच्या रकान्यांत भरला जातो. संध्याकाळच्या रकान्यांत बहुतेक अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कौटुंबिक मालिका असतात, सोमवारी ज्या त्याच शुक्रवारी. वेगळं काही हवं असेल तर दोन मालिकांची कुटुंबं एकाच लग्नाला बोलावतात आणि त्या भागाला ‘महासंगम’ म्हणतात.