मानमोडीची म्हातारी

बाहत्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आमचं गाव माण तालुक्यातलं. आई आणि आबा उजाडायच्या आत पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायचे, ते दिवेलागणीला परतायचे. आळीतली पोरंही त्यांच्यासंगं जायची. माझा एक पाय पोलिओनं गेलेला, तेवढं चालणं मला झेपत नसे. दिवसभर ओस आळीत मी एकटा, आणि पलीकडच्या पडक्या घरात ती.

तिला सगळा गाव ‘मानमोडीची म्हातारी’ म्हणायचा. "घर खाऊन बसलीया, तिच्या सावलीला जाऊ नगंस," असं आईनं बजावलं होतं. एका दुपारी आमच्या घागरीतलं पाणी संपलं आणि मी तिच्या दारात गेलो. तिनं तांब्या पुढं केला. तिच्याकडंही तेवढंच पाणी होतं, हे मला नंतर कळलं.

मग मी रोज जाऊ लागलो. कामावर मिळालेली सुकडी आई पदरात बांधून आणायची, त्यातली निम्मी मी राखून ठेवायचो. म्हातारीला दात नव्हते. ती सुकडी पाण्यात भिजवून खायची. तांबड्या मिलोची भाकरी मात्र तिला चावायची नाही.

एकदा मी विचारलंच, "आजी, तू खरंच समद्यांला खाल्लंस?"

ती रागावली नाही. "लेकरा, मी तापात पडले व्हते. सुद आली तवा नवरा, सासू, तान्ही पोर, तिघंबी गेल्याली. मातीला न्यायला माणूस नव्हतं. जो तो आपल्याच घरातलं उचलत व्हता." थोड्या वेळानं म्हणाली, "माज्या मातीला तरी चौघं येतील का रं?"

पुढं शिकताना कळलं, मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. साथ मुंबई बंदरातून आत शिरली आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला खेड्यापाड्यांत पसरली. त्याच साली पाऊसही बुडाला होता. हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली, त्यात तरणीताठी फार. बाहत्तरलाही पाऊस बुडाला, पण सरकारी कामांनी आणि बाहेरून आलेल्या धान्यानं आम्ही तगलो.

त्या रात्री म्हातारीचं बोलणं मी आबांना सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत.

त्र्याहत्तरला पाऊस झाला आणि श्रावणात ती गेली. लोक आपापल्या दारातून बघत होते. आबा एकटेच तिच्या घरात शिरले. मग भावकीतले तिघं पुढं झाले. विस्तवाचं मडकं कुणी धरायचं, यावर सगळे गप्प. आबा म्हणाले, "माझा पोरगा धरंल."

मी पुढं चाललो, लंगडत, थांबत. ओढ्यापर्यंत सगळी माणसं माझ्या चालीनं चालली. घाई कर, असं कुणीही म्हणालं नाही.